कडेवरची जागा

बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची. पण मुक्ताला त्यातले 3 आठवडे बाळंतपणाआधीच घ्यावे लागले, त्यामुळे कामावर हजर व्हायची तारीख आली तेव्हा ईरा जेमतेम सव्वापाच महिन्यांची होती. अजून उष्टावणही झालं नव्हतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर जिथे 50 किंवा त्याहून अधिक माणसं कामाला आहेत, तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाताही येतं. मुक्ताच्या फोर्टातल्या ऑफिसात माणसं होती 38. आणि पाळणाघर असतं, तरी डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलला ते एवढंसं बाळ छातीशी धरून चढायचं कसं? ती गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

तेव्हा पाळणाघर घराजवळच हवं होतं. तिनं चार ठिकाणं पाहिली. पाचवं होतं जुन्या इमारतीतल्या काकूंचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना चढताना मुक्ताच्या मनातून ते जवळजवळ उतरलंच होतं. दार उघडलं तर आत जमिनीवर सतरंजी, तिच्यावर तीन मुलं डाळ-भात खात होती आणि एक बाळ काकूंच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. कोणी रडत नव्हतं. दारात अनोळखी बाई उभी राहिली, तरी मुलांनी एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा ताटात लक्ष घातलं. हे मुक्ताला फार आवडलं.

काकूंनी ईराकडे पाहिलं, तिचं वय विचारलं आणि म्हणाल्या, “नाही गं, जागा नाही.”

“काकू, एवढी मोठी खोली आहे...”

“खोलीत आहे. कडेवर नाही.”

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी खाली मीटरच्या पेटीतून धूर निघाला होता. सगळी मुलं घेऊन जिना उतरावा लागला. कोणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून त्यांचा हिशोब ठरून गेला. त्यांच्या कडेवर दोन, मदतीला येणाऱ्या शेवंताच्या कडेवर दोन, आणि जिना उतरता येणारी तीन पदर धरून. एकूण सात. रोज संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना अंगणात खेळायला न्यायचं ते असंच, म्हणजे मुलांनाही सवय राहते.

“मी दुप्पट पैसे देईन,” मुक्ता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“पैशानं मला तिसरी कड फुटणार आहे का, बाळा? जूनमध्ये थोरला शाळेत जाईल. तोवर एक कडेवरचा जिना उतरायला शिकेल. मग ये.”

मार्च नुकता सुरू झाला होता. जून तीन महिन्यांवर.

मुक्तानं ईराला दुसरीकडे ठेवलं. जागा ऐसपैस, भिंतींवर चित्रं, आणि आईवडिलांना मोबाइलवर दिसावं म्हणून कॅमेरा. “एक काय, दोन असती तरी घेतली असती,” तिथल्या बाई हसून म्हणाल्या. ते ऐकून तेव्हा तिला किती हायसं वाटलं होतं! तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइल उघडला. ईरा पाठीवर पडून रडत होती. मुक्ता घड्याळ बघत राहिली. 14 मिनिटं झाली, तरी कोणी उचललं नाही. तिथल्या दोघी बाया बसून नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. एकीच्या मांडीवर उलटी झालेलं मूल होतं, दुसरी दोघांना एकदम भरवत होती. मुलं 18 होती. त्या कामचुकार नव्हत्या, त्यांना हात कमी पडत होते. आणि हे त्या दोघींना कोणी विचारलंही नसेल. नवं मूल घेताना ‘हो’ म्हणणारी व्यक्ती वेगळी होती, त्याला उचलून घेणारी वेगळी.

त्या रात्री मुक्तानं नवऱ्याला, समीरला, सगळं सांगितलं. वाईहून सासूबाई आल्या. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून त्या दीड महिनाच राहू शकल्या. उरलेले दिवस आधी समीरनं आणि मग मुक्तानं बिनपगारी रजा घेतली. घराचा हप्ता मागे पडला. हे दिवस सोपे नव्हते, आणि असं थांबणं प्रत्येक घराला परवडतं असं मी म्हणणार नाही. काकूंच्या कॅलेंडरवर मात्र जूनच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : ईरा.

शाळा सुरू झाल्या आणि ईरा काकूंकडे गेली. पहिला आठवडा रडण्यात गेला. काकू ते लपवत नसत. “आज वीस मिनिटं रडली, पेज अर्धीच खाल्ली,” असं दारातच सांगत. सहाव्या दिवशी मुक्ता न्यायला आली तेव्हा ईरा शेवंताच्या कडेवरून यायलाच तयार नव्हती.

वर्ष सरलं. एप्रिलमध्ये एक बाई जिन्यात भेटली, कुशीत चार महिन्यांचा मुलगा. तिचा चेहरा पाहूनच मुक्ताला कळलं की वर काय उत्तर मिळालंय. “तुम्ही तरी सांगा ना त्यांना,” ती म्हणाली. मुक्तानं काकूंना काही सांगितलं नाही. त्या बाईला मात्र घरी नेलं, चहा केला आणि आपला मार्च ते जून सगळा सांगितला.

त्या दिवसापासून मुक्तानं एक केलं. ईराला न्यायला आली की तिला कडेवर घ्यायचं नाही. कठड्याच्या खालच्या गजाला तिचा हात लावून द्यायचा आणि आपण एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून उलटं उतरायचं. दिवसभर काम आणि वर लोकलचा प्रवास, पाय भरून आलेले असत. सुरुवातीला एका मजल्याला दहा मिनिटं लागत. मागून येणारे शेजारी थांबत, काही वैतागत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ईरा तिन्ही मजले उतरली, एकदाही ‘घे’ न म्हणता. वरून कठड्यावर ओणवून काकू बघत होत्या.

“हात दिलास का मध्ये कुठे?”

“नाही, काकू.”

“उद्या पाच वाजता माझा पदर धरून उतरू दे. आठ दिवस बघते,” काकू म्हणाल्या. मग आत वळून त्यांनी शेवंताला हाक मारली, “पेन्सिल दे गं जरा.”