चालते दुकान आणि जुनी वही

आपल्या संप्रदायाने प्रपंच टाकायला कोणालाच सांगितलेले नाही. सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही. तेव्हा गळ्यात माळ घालून किराणा दुकान चालवण्यात काही उणे नाही. प्रश्न येतो तो दुकान कसे चालवावे याचा. आणि दुसऱ्याने उभे केलेले चालते दुकान विकत घ्यायचे असेल, तर तो प्रश्न सौद्याच्या दिवशीच उभा राहतो.

गारगोटी, मुरगूड, आजरा, चंदगड अशा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारगावात हा प्रसंग घडू शकतो. दुकानदार थकतो. मुले पुण्या-मुंबईला नोकरीत रमलेली असतात. दुकान विकायला निघते. घेणारा गावचाच एखादा होतकरू तरुण. थोडे पैसे वडिलांचे, थोडे पतसंस्थेचे कर्ज, आणि उरलेल्यासाठी घरच्या लक्ष्मीचे दागिने गहाण.

सौद्यात माल मोजता येतो. तेलाचे डबे, साखरेची पोती, वजनकाटा, फळ्या यांची किंमत ठरते. पण त्यावर आणखी एक रक्कम मागितली जाते, बसलेल्या गिऱ्हाइकाची. व्यापारी तिला गुडविल म्हणतात. कायदाही ती मानतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात हा नावलौकिक पेढीच्या मालमत्तेत धरलेला आहे. ही रक्कम मागण्यात गैर नाही. तीस-चाळीस वर्षे पहाटे फळी उघडली, लहान पोराच्या हातीही पुरे माप दिले, त्या कष्टाचे मोल म्हाताऱ्याला मिळालेच पाहिजे. मात्र घेणाऱ्याने ओळखावे, की गिऱ्हाइकाने त्या कागदावर सही केलेली नाही. पैसे मोजून आपण त्याचे एकदा दाराशी येणे विकत घेतो. दुसऱ्यांदा तो आपले माप बघून येईल.

खरी परीक्षा मालाची नाही, उधारीच्या वहीची आहे.

आपल्याकडे ऊस शेतात वर्षभर, कधी दीड वर्ष उभा असतो. तो तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तरी बिलाची वाट बघणे काय असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मधल्या काळात दुधाचे बिल येते, ते पेंडीत आणि औषधात जाते. घरातली चूल चालते ती किराणा दुकानदाराच्या वहीवर. ‘बिल आले की देतो’ एवढ्या शब्दावर तो पोते सोडतो. त्या वहीत नुसते आकडे नसतात. कोणाच्या घरी आजारपण झाले, कोणाच्या लेकीचे लग्न निघाले, हे सगळे त्या पानांत असते.

आता ती वही विकायची. समजा, वहीत एक लाखाचे येणे आहे. म्हातारा साठ हजारांत द्यायला तयार आहे, कारण त्याच्याने आता दारोदार फिरणे होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे असे येणे लेखी करून दुसऱ्याच्या नावावर करता येते. घेणाऱ्याने साठ देऊन शंभर वसूल करावेत का? की तुकोबारायांसारखी वही पाण्यात सोडावी?

तुकोबांचे उदाहरण आपण फार सैल हाताने देतो, म्हणून ते नीट पाहू. देहूच्या त्या घराण्यात वाण्याचा व्यापार आणि सावकारी पिढीजात होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात व्यापार बसला. पहिली पत्नी रखमाई गेली, मुलगा संतू गेला. पुढे त्यांनी येण्याची कागदपत्रे इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात ऐकतो. पण त्या आधी काय केले? कागदांच्या वाटण्या केल्या. अर्धे धाकट्या कान्होबाच्या हाती दिले, आणि बुडवले ते फक्त आपल्या वाट्याचे.

वैराग्याच्या त्या क्षणीही भावाचा वाटा त्यांनी भावाचा मानला. सोडायचे ते आपले. दुसऱ्याचे सोडून देण्याचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा हेच सांगते. दुष्काळात त्यांनी कोठार उघडले, ते धान्य बेदरच्या बादशहाचे होते. भक्तासाठी विठ्ठल विठू महार होऊन धावला, तो बादशहाचा राग शमवायला नव्हे. त्याने धान्याचे मोल खजिन्यात भरले आणि पावती घेतली. देवानेही हिशेब पुसला नाही, पुरा केला.

हाच दाखला वहीला लावून पाहू. घेणाऱ्या तरुणाने सगळी वही एका झटक्यात माफ केली, तर पतसंस्थेचे पैसे आणि बायकोचे दागिने तो बुडवील. ते त्याच्या एकट्याचे नव्हेत. पण साठाला घेतलेले शंभर वसूल करताना वरचे चाळीस मात्र सर्वस्वी त्याचे आहेत. इथे त्याची इंद्रायणी आहे. ज्याच्या घरी खरेच अडचण आहे, त्याच्यासाठी तो या चाळिसांतून सूट देऊ शकतो, आणि कोणाच्याही वाट्याला हात न लावता देऊ शकतो.

त्यासाठी एक रीत बरी. वही हातात घेण्याआधी जुन्या मालकाला शेजारी बसवून एकेका गिऱ्हाइकाशी आकडा कबूल करून घ्यावा. चारचौघांत वाचू नये, कट्ट्यावर बोलू नये. एकाने विश्वासाने लिहू दिलेली अडचण दुसऱ्याने मिरवायची नसते.

आता वहीच्या दुसऱ्या बाजूला असलेल्यांशी बोलू, कारण आपल्यातले बहुतेक त्याच बाजूचे. मालक बदलला की काहींच्या मनात येते, ‘म्हाताऱ्याचे देणे होते, या पोराचे काय देणे लागतो?’ कोणी तीन वर्षांच्या मुदतीकडे डोळा ठेवतो. मुदत संपली की दावा चालत नाही, हे त्याला ठाऊक असते. माउली, तुकोबांनी बुडवले ते येणे होते. आपले देणे बुडवून कोणी संत झाल्याची कथा नाही. सूट देणे हे धनकोच्या हाती, ती मागणे ऋणकोच्या हाती; परस्पर घेणे कोणाच्याच हाती नाही. पैसे आज नसतील, तर नव्या दुकानदाराकडे आपण होऊन जावे, आकडा मान्य करावा आणि बिल येताच थोडे थोडे फेडावे. गावातले दुकान टिकले, तर पुढच्या वर्षी ऊस उभा असताना आपलीच चूल चालणार आहे.

दिवाळीला वहीपूजन होते. जुन्या-नव्या मालकाने ते एकदा एकत्र करावे. हळदीकुंकू वाहताना दोघांनी आणि सगळ्या गिऱ्हाइकांनी आपापल्या मनाला एवढेच विचारावे, की या वहीत माझे किती, आणि दुसऱ्याचे किती.

राम कृष्ण हरी.