पाठ न मोजता घेतलेली सॅक

रविवारी नळीच्या वाटेवर जे झालं त्याबद्दल मला बोलायचं आहे. मधे कुणी कारणं सांगू नका. कातळटप्प्यावर वरच्या गड्याच्या सॅकच्या बाजूच्या खिशातून स्टीलची बाटली निसटली आणि खालून चढणाऱ्या मुलीच्या कानाजवळून दरीत गेली. वीतभर इकडे आली असती तर आत्ता आपण सगळे दवाखान्याच्या दारात उभे असतो. त्यावर उत्तर काय आलं? "सर, चुकून पडली." नाही. उथळ खिशात भरलेली बाटली ठेवून तुम्ही घरून निघालात, तेव्हाच ती पडणार हे ठरलं होतं.

बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडावर जाणारी ती नाळ कशी आहे हे मी निघण्याआधी सांगितलं होतं. कोकणकड्याच्या शेजारून तासन् तास धोंड्यांवरून चढायचं, मधे दोर लावावा लागेल असे टप्पे, वरून सुटणारे दगड. तिथं दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठीवरचं ओझं अंगाबरोबरच हलायला हवं. तुम्ही आणल्यात कॉलेजच्या बॅगा. कंबरपट्टा नाही, छातीचा पट्टा नाही. तुम्ही डावीकडे पाय टाकला की बॅग उजवीकडे झोके घेणार. सपाट रस्त्यावर हे खपतं. आडव्या वाटेवर, एका पावलाएवढ्या जागेत, तोच झोका माणसाला खाली नेतो.

सॅक घेताना तुम्ही लिटर विचारता, रंग बघता, सवलत बघता. पाठ कुणी मोजली? मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथं टेप धरा. दोन्ही अंगठे कंबरेच्या हाडांवर ठेवा आणि त्या रेषेपर्यंत टेप खाली आणा. ती तुमच्या पाठीची लांबी. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, बुटक्याची लांब. सॅक त्या मापाची असेल तरच कंबरपट्टा हाडांवर बसतो आणि वजन खांद्यांवरून कंबरेवर उतरतं. पोटावर आवळलेला पट्टा श्वास अडवतो, ओझं उचलत नाही. मुलींनो, तुम्ही भावाची सॅक मागून आणता. त्याच्या खांद्यांसाठी बेतलेले पट्टे तुमच्या खांद्यांवरून घसरतात आणि तुम्ही अख्खा दिवस ते वर ओढत चालता. हे थांबवा.

एका दिवसाच्या चढाईला २० ते २५ लिटर पुरे. दोर तुमच्याकडे असेल तर ३०. मोठी सॅक घेतली की माणूस ती भरतोच. पाण्यात मात्र काटकसर चालणार नाही. फेब्रुवारीनंतर गडावरच्या बऱ्याच टाक्यांचा भरवसा नसतो, तीन लिटर लागतं, म्हणजे पाण्याचंच वजन तीन किलो. ते सॅकच्या आत, पाठीच्या मध्यावर, कण्याला चिकटून ठेवा. तळाशी हलके कपडे. पाठीच्या बाजूला जाळी ताणून सॅक अंगापासून लांब ठेवणारी रचना हल्ली सगळ्या दुकानांत दिसते. घाम कमी येतो हे खरं, पण ओझं मागे जातं आणि कातळावर तुम्हाला मागे खेचतं. अशा वाटांना मला ती नको.

आता तू पुढे ये. तुझी ती झाडापानांच्या छापाची सॅक. परदेशी शिकाऱ्यांसाठी बनवलेली, बंदूक अडकवायची सोय असलेली, रिकामीच अडीच किलोची. दणकट दिसली म्हणून वडिलांच्या पैशांनी घेतलीस. ती सॅक अशा माणसासाठी बेतली आहे ज्याला बंदूक न्यायची असते आणि येताना मांस वाहून आणायचं असतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे. त्या लोंबत्या पट्ट्यांचा तुला एकच उपयोग झाला, करवंदीच्या जाळीत तू तीनदा अडकलास. आणि तो रंग! उद्या तू घसरून झाडीत पडलास तर शोधायला येणाऱ्यांना तू दिसायला नको का? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बंदुकीनं शिकार करणाऱ्यालाही भडक केशरी रंग अंगावर घालावा लागतो, कारण दुसऱ्या माणसाला तो दिसला पाहिजे. कारवीच्या रानात केशरी, लाल, पिवळी, कुठलीही सॅक घ्या. मातकट हिरवी नको.

सॅकच्या बाहेर काहीही लटकता कामा नये. चहाचा मग नाही, ट्रायपॉड नाही, बूट नाहीत. अरुंद घळीत ती वस्तू कातळाला अडकते आणि तुम्ही मागे फेकले जाता. सॅकची रुंदी खांद्यांच्या आत हवी. चिमणीसारख्या फटीत सॅक पाठीवर ठेवून घुसायचं नाही, आधी दोरानं वर घ्यायची. त्यासाठी वरचा धरायचा पट्टा दुहेरी शिवणीचा आहे का हे दुकानातच ओढून बघा.

पावसाळ्यात वरच्या आवरणावर विसंबू नका. घाटमाथ्यावरचा वारा ते उडवून नेतो. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सामान तिच्यात. आणि ओढा ओलांडताना कंबरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा. पाय निघाला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. बांधलेली सॅक माणसाला पाण्याखाली धरून ठेवते.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघू नका. सहा-सात किलो वजन भरायला सांगा. दुकानदार कुरकुरला तरी सांगा. मग जिना चढा, उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा, मान मागे टाकून छताकडे बघा. डोकं सॅकला आपटलं तर ती परत द्या, कारण पुढची खाच शोधायला तुम्हाला वरच बघायचं असतं.

तुमच्या खाली नेहमी कुणीतरी चढत असतं, आणि त्याच्या डोक्यावर तुमचं सामान असतं. शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या सॅका घेऊन मैदानाच्या पायऱ्यांवर या. प्रत्येकाला मी वर-खाली चढवून बघणार आहे. जिची सॅक हलली, ज्याचं काही बाहेर लोंबलं, ते या रविवारी घरी राहतील.