उपाधी आणि फावला वेळ

‘उपाधी’ हा शब्द आपल्याकडे तीन अर्थांनी येतो. विद्यापीठाची पदवी ही उपाधी. मागे लागलेली कटकट हीही उपाधी. आणि वेदान्तात, घटामुळे आकाश लहान भासते, तसे भासवणारा तो घट म्हणजे उपाधी. कॅनडात गेलेल्या आपल्या शिकलेल्या मुलांकडे पाहिले की तिन्ही अर्थ एकदम उभे राहतात.

1967 पासून तो देश परदेशच्या माणसाला गुण मोजून घेतो. शिक्षणाला त्यात चांगले गुण. म्हणजे पदवी पाहून दार उघडते. आत गेल्यावर परवाना देणारे मात्र निराळे, प्रांतोप्रांतीचे. डॉक्टर परीक्षा उतरला तरी रुग्णालयात उमेदवारीची जागा मिळावी लागते, आणि जागा थोड्या. मग कोणी टॅक्सी चालवतो, कोणी गोदामात रात्रपाळी करतो.

अशा माणसाला आपण चटकन सावतोबांचा दाखला देतो. दाखला खरा, पण जपून द्यावा. सावतोबांची सारी विद्या त्यांच्या मळ्यात कामी येत होती. ज्याची विद्या पेटीत बंद पडली, त्याला जवळचे चोखोबा. त्यांनी वेठ सोसली, मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून ते गेले. पण देवाला जाब विचारल्यावाचून राहिले नाहीत. गाऱ्हाणे मांडले म्हणून त्यांची भक्ती कोणी उणी धरली नाही. ओंटारिओ प्रांतात अभियंत्याच्या परवान्यासाठी कॅनडातल्याच अनुभवाची अट होती, ती 2023 मध्ये निघाली. आधी कायदा बदलावा लागला, नुसते सोसून ती निघाली नाही. उपाधी मिथ्या म्हणून अन्याय मिथ्या ठरत नाही.

आता फावल्या वेळाचे. पाळीवाल्याची सुटी मंगळवारी, भजन शनिवारी. तिकडे एकादशीचे भजनही बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी होते. उपवास तिथीला करावा, भजन जमेल त्या दिवशी. मला यात दोष दिसत नाही, शास्त्रीमंडळी रागावली तरी. हिवाळ्यात तुळस मरते म्हणून कुंडी घरात खिडकीशी आणतात. तीही तगते.

टाळ हाती आला की शेजारच्याचा हुद्दा कोणी विचारत नाही. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा कुठे विचारतो? अडचण होते ती प्रसादाच्या पंगतीत. “सध्या कुठे असता?” असे कोणी सहज विचारतो, आणि उत्तम चाली येणारा एखादा पुढच्या शनिवारपासून येईनासा होतो. राहिला होता तेवढा एक वेळ, जिथे तो नुसता टाळकरी होता, तोही जातो.

हा प्रश्न तिकडे जन्मला नाही. तो आपल्या ओट्यावरून गेला आहे. मुलगा फोनवर “बरे चालले आहे” एवढेच म्हणतो, आणि आपण गावभर त्याची पदवी सांगत फिरतो. मग खरे सांगायला त्याला जागा उरते कुठे? पुढच्या फोनला नोकरीचे राहू द्या. जाताना टाळांची जोडी बरोबर दिली होती, ती कुठे ठेवली आहेस, ते विचारा.