घडी केलेला कागद

जिभेस जें रुचलें तें रुचलें, त्यांत खरेंखोटें काय पाहावयाचें, असें कित्येक म्हणतात. आमचेंही मत असेंच होतें. फ्रान्समधील ल्यों शहरीं एका स्नेह्याच्या घरीं आमचा मुक्काम असतां मात्र या मतास तडा गेला.

कोपऱ्यावरच्या दुकानांतील स्वस्त द्राक्षमद्यांची परीक्षा घरच्या घरीं करावी, असा एके संध्याकाळीं बेत ठरला. बोजोले, कोत द्यु रोन आणि लांगदोक प्रांतांतील कोर्बिएर अशीं तीन तांबडीं मद्यें आणलीं होतीं. (बोजोले थोडें गार केल्यावरच खुलतें, हें आम्ही तेथें शिकलों.) इतक्यांत शेजारचे एक वृद्ध शाळामास्तर आमच्यासाठीं म्हणून चौथी बाटली घेऊन आले: महाग बुर्गोन्यची, निवृत्तिवेतनांतून पैसा पैसा बाजूस टाकून घेतलेली. यजमानांनीं स्वयंपाकघरांत चारही मद्यें सारख्या सुरयांत ओतलीं, सुरयांवर आंकडे घातले, आणि कोणत्या आंकड्याचें मद्य कोणतें तें आम्हीं कागदावर टिपून घडी घातली. चव घेऊन होतांच मास्तरांनीं तिसऱ्या सुरईस पहिला मान दिला. चौथीस 'अगदींच बेचव' म्हणून दूर सारलें. तिसरींत कोर्बिएर होतें. चौथींत त्यांचें स्वतःचें.

मास्तर ढोंगी होते काय? मुळींच नाहीं. बोर्दो येथील ब्रोशे प्रभृति संशोधकांनीं ५४ विद्यार्थ्यांपुढें पांढरेंच मद्य तांबडा रंग घालून ठेविलें, तेव्हां त्याच्या वासास विद्यार्थ्यांनीं तांबड्या मद्याचीं विशेषणें बहाल केलीं. हा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियांतील प्रयोग याहून मार्मिक. एकच मद्य १० डॉलरचें म्हणून व पुन्हा ९० डॉलरचें म्हणून दिलें असतां महागाच्या नांवानें तें अधिक आवडलें, इतकेंच नव्हे तर मेंदूंतील सुखसंवेदनेशीं निगडित असा भागही अधिक चेतला. म्हणजे किंमत ऐकून होणारें सुख हें नाटक नव्हे. सुख खरें, त्याचें कारण मात्र खोटें. आणि या कारणावर जगानें केवढे इमले रचले आहेत! बोर्दोच्या मद्यांची १८५५ ची प्रतवारी दलालांनीं मुख्यतः बाजारभाव पाहून केली. आज तीच प्रतवारी भावाचें समर्थन करते.

मग खरें सांगून मास्तरांचें सुख हिरावण्याचा आम्हांस अधिकार काय? गप्प राहा, असें दया सांगत होती. परंतु जें सुख टिकविण्यासाठीं दुसऱ्यानें आपणांस अज्ञानांत ठेवावें लागतें, तें आपलें कितपत? सत्तरी उलटलेल्या माणसास आम्ही लेंकरूं समजूं लागलों होतों, ही त्या दयेंतली मेख. शिवाय त्या बाटलींत स्वादाखेरीज महिन्यामहिन्यांची काटकसर होती. तिला कोणत्या सुरईंत ओतावयाचें?

"माझी कोणती?" मास्तरांनीं विचारलें.

आम्हीं कागद न उघडतां त्यांच्यापुढें ठेविला. चष्मा पुसून त्यांनीं तो वाचला. क्षणभर ते थांबले, मग चौथ्या सुरईंतलें उरलेलें मद्य आमच्या पेल्यांत ओतलें आणि तिसरी सुरई त्यांनीं स्वतःकडे ओढून घेतली.