कॉलेजच्या दाराशी लावलेल्या अटी

स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपण बहुधा पहिल्यांच्या यादीतून सांगतो. पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर, पहिली वकील. ही यादी सोयीची असते. पहिली बाई असामान्य असते, त्यामुळे तिच्यामागून आलेल्या साध्या, बऱ्यापैकी हुशार मुलीला रोज काय ओलांडावं लागलं, हा प्रश्न आपोआप बाजूला राहतो. तो विचारायचा तर हैदराबादची कोठी ही उत्तम जागा आहे.

इथल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटच्या निवासाच्या, भोवतालच्या बाजारपेठांवर १९३३ पर्यंत इंग्रजांचा अंमल होता. निजामाच्या राजधानीत असूनही तिथे निजामाचा हुकूम चालत नसे. साहजिकच सभा, व्याख्यानं, सुधारणांच्या चळवळी यांना या परिसरात जरा मोकळा श्वास मिळे. हैदराबादच्या मराठी मंडळींनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी काढली, तीही याच भागात. मनमाडची रेल्वे १९०० पासून औरंगाबाद, परभणी, नांदेडला राजधानीशी जोडत होती, आणि मराठवाड्यातले वकील, कारकून, शिक्षक तिच्यातून इथे येऊन स्थिरावत होते. अशा एखाद्या घरातली मुलगी १९२५ च्या सुमारास शाळा संपवून पुढे शिकू म्हणते, असं समजा. तिला कॉलेजं होती. पण प्रत्येकाच्या दाराशी एक अट होती.

निजाम कॉलेज इंग्रजी माध्यमाचं, मद्रास विद्यापीठाशी जोडलेलं आणि मुख्यतः मुलग्यांचं. दुसरा रस्ता उस्मानिया विद्यापीठाचा. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठानं इंग्रजीऐवजी उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचं ठरवलं आणि १९२४ मध्ये मुलींसाठी वेगळं कॉलेज उघडलं. देशी भाषेत तर्कशास्त्र आणि रसायन शिकवता येतं, हे दाखवण्याचं धाडस मोठं होतं. त्यासाठी दारुल तर्जुमा या भाषांतर खात्यानं पाठ्यपुस्तकं आणि परिभाषा घडवली. पण संस्थानात उर्दू बोलणारे जेमतेम दहात एक, मराठी बोलणारे चारात एक आणि तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास. म्हणजे आमच्या या मुलीनं घरी मराठीत बोलायचं, वर्गात उर्दूतून इतिहास समजून घ्यायचा आणि सक्तीचा विषय म्हणून इंग्रजीचीही तयारी करायची. स्वतःची भाषा तिला भेटणार ती फार तर एका विषयापुरती. परकी भाषा गेली, हे राज्याच्या दृष्टीनं खरं होतं. तिच्या दृष्टीनं परक्या भाषा एकाच्या दोन झाल्या.

मग पुणं? तिथे महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्येच महिला विद्यापीठ सुरू केलं होतं, आणि माध्यम चक्क मराठी. पण तिथली अट निराळी होती. जपानमधल्या महिला विद्यापीठावरून स्फूर्ती घेतलेल्या या अभ्यासक्रमात घर आणि गृहिणीपण यांना खास जागा होती, आणि कायद्यानं विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. कर्व्यांच्या स्वतःच्या सूनबाई इरावती १९२६ मध्ये पदवीधर झाल्या त्या फर्ग्युसनमधून, मुंबई विद्यापीठाच्या. पुढे त्याच सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार झाल्या. यात कर्व्यांची विसंगती शोधायला मी जाणार नाही. ज्या मुलीला घर साथ देतं आणि इंग्रजी येतं, तिच्यासाठी एक वाट असते. जिला यातलं काहीच नाही, तिच्यासाठी दुसरी काढावी लागते, एवढंच ते उदाहरण सांगतं.

या तिन्ही वाटांचा हिशेब मांडला की एक गोष्ट दिसते. पुण्यात भाषा आपली, पण अभ्यासक्रम ‘बायकांचा’. उस्मानियात पदवी पुरुषांच्याच विद्यापीठाची, पण भाषा दरबारची. निजाम कॉलेज किंवा फर्ग्युसनमध्ये पदवीला सर्वत्र मान, पण इंग्रजी हवी आणि मुलग्यांच्या वर्गात बसू देणारे आईवडील हवेत. प्रत्येक सुधारकानं एक भिंत पाडली आणि उरलेल्या भिंतींना हात लावला नाही. त्यांच्या बाजूनं म्हणता येईल की सगळ्या भिंती एकदम पाडायला निघालेल्या माणसाकडे कुणी मुलगी पाठवली नसती. हे खरं आहे. वेगळं कॉलेज होतं म्हणून अनेक घरांनी मुलींना उंबरठ्याबाहेर जाऊ दिलं. मात्र या तडजोडीचं श्रेय संस्थेच्या अहवालात जमा होतं आणि खर्च मुलीच्या रोजच्या दिवसात पडतो.

१९४९ मध्ये उस्मानियाचं मुलींचं कॉलेज कोठीच्या रेसिडेन्सीत आलं. ही इमारत उभारणाऱ्या ब्रिटिश रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं आपल्या पडदानशीन पत्नीला, खैरुन्निसाला, दर्शनी भाग पाहता यावा म्हणून जनान्याच्या बागेत घराची छोटी प्रतिकृती बांधली, अशी कथा सांगतात. जिथे एका स्त्रीला घराचा दर्शनी भाग पाहता येत नव्हता, तिथे शेकडो मुली पायऱ्या चढू लागल्या, असं वाक्य इथे लिहायचा मोह होतो. ते खोटं नाही, पण फार स्वस्त आहे. पायऱ्या चढून वर गेल्यावर काय, हा प्रश्न त्यात विरघळून जातो.

आज त्याच आवारात महिला विद्यापीठ आहे. नांदेडहून किंवा नलगोंड्याहून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तिथे प्रवेश मिळतो, याबद्दल कुणी वाद घालत नाही. तिला विषय कळतो पण इंग्रजी वाक्य जुळत नाही, तेव्हा मात्र ती ‘कच्ची’ ठरते. शंभर वर्षांपूर्वी ही उणीव उर्दूच्या नावे मांडली गेली असती. म्हणून मुलींसाठी कोणती नवी सोय झाली, हे ऐकून थांबू नये. त्या सोयीची अट कोणती आणि ती रोज कोण फेडतं, हे विचारल्याशिवाय कोणत्याही शिक्षणसंस्थेची स्तुती पुरी होत नाही.