पिंगळ्याची पंगत

लग्नाच्या पंगतीत मी आजवर निवांतपणे जेवलेलो नाही. याला यजमान जबाबदार नाहीत, आचारीही नाही. जबाबदार आहे तो व्हिडिओवाला. आपण जिलबीचं वेटोळं मठ्ठ्यात बुडवून तोंडाशी नेतो, आणि नेमका त्याच क्षणी त्याचा तो लखलखीत दिवा आपल्या चेहऱ्यावर पेटतो. तोंड उघडं ठेवावं तर हावरट दिसतो, मिटावं तर मठ्ठा शर्टावर ओघळतो. परिणामी, नातेवाइकांच्या घरोघरच्या आल्बमांत मी ‘आ’ वासूनच अजरामर झालेलो आहे.

इतका दांडगा अनुभव गाठीशी असताना मी तरी शहाणा व्हायला हवा होतो. पण २०२१ साली मी सेवानिवृत्त झालो आणि मुलाने मला कॅमेरा घेऊन दिला. “बाबा, घरात बसून आईला त्रास देण्यापेक्षा पक्ष्यांचे फोटो काढा,” असं तो म्हणाला. यात पक्ष्यांना त्रास होईल हा विचार त्याच्याही मनात आला नाही, माझ्याही नाही.

कॅमेऱ्याबरोबर चारशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स होती. या लेन्समधून जग जेमतेम पाच अंश रुंद दिसतं. म्हणजे पक्षी दिसला तर तो मोठा दिसतो, पण मुळात तो दिसायला हवा ना! पहिले दोन महिने मी फक्त फांद्यांचे फोटो काढले. प्रत्येक फांदीवरून पक्षी नुकताच उडालेला होता. आमचे मेहुणे या क्षेत्रातले जुने. त्यांनी ते फोटो गंभीरपणे पाहिले आणि म्हणाले, “भाऊजी, फांद्या मात्र ओळखू येतात हं.”

मग त्यांनीच मला फ्लॅशची दीक्षा दिली. फ्लॅशचं दुखणं असं, की अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणून त्याच्यापुढे एक पातळ, रेघारेघांचं प्लॅस्टिकचं भिंग लावतात. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहासाठी काढलेली ही युक्ती. खलाशांना खडकापासून वाचवणारा उजेड आता चिमणीच्या तोंडावर पडतो, एवढाच फरक! एके दुपारी मी तो सरंजाम गॅलरीत उन्हात विसरलो. भिंगाने आपलं कर्तव्य चोख बजावलं आणि फ्लॅशच्याच तोंडाला चटका बसून काळा डाग उठला.

“अहो, हेच तुम्ही त्या पाखरांच्या डोळ्यांवर सोडता?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“छे, हे ऊन. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतकाच असतो,” मी शास्त्र सांगितलं. बायकोच्या प्रश्नाला शास्त्र सांगणं म्हणजे उत्तर देणं नव्हे, हे चाळीस वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी एक जुनी चिंच आहे. तिच्या ढोलीत पिंगळ्याचं बिऱ्हाड होतं. मार्चमधल्या एका तिन्हीसांजेला मी कॅमेरा घेऊन खाली दबा धरला. पिंगळा आला, समोरच्या फांदीवर बसला. चोचीत एक गलेलठ्ठ भुंगा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पिंगळे करतात तशी मान खाली-वर, खाली-वर केली. मी फ्लॅश उडवला. त्याने डोळे मिटले. उघडले. मी पुन्हा उडवला. ढोलीतून पिल्लांचा चिरचिराट चालला होता, पण स्वारी जागची हलेना. वीस मिनिटांत माझे एकतीस फोटो झाले आणि भुंगा होता तिथेच, चोचीत!

आणि एकदम मला ती मुद्रा ओळखीची वाटली. धड गिळता येत नाही, धड टाकता येत नाही, समोर लख्ख दिवा. अहो, ही तर माझी आल्बममधली मुद्रा! भुंग्याच्या जागी जिलबी ठेवली की झालं.

मी मुकाट्याने घरी आलो. फोटो पाहिले. एकतिसांपैकी एक अगदी रेखीव आला होता, पण डोळे निखाऱ्यासारखे पेटलेले. उजेड डोळ्याच्या तळाशी जाऊन तसाच परत फिरला की असं होतं. संध्याकाळभर ज्या पिवळ्या, चक्रावलेल्या डोळ्यांनी तो माझ्याकडे पाहत होता, ते डोळे फोटोत नव्हतेच. तिथे माझाच फ्लॅश होता.

मेहुण्यांना मी मनातली बोच सांगितली. ते खवळलेच. “एका फ्लॅशने कुणाचा डोळा जात नाही, भाऊजी! उलट एरिक हॉस्किंगचा गेला. १९३७ साली वेल्समध्ये घुबडाचे फोटो काढायला गेला आणि घुबडाने त्याचाच डावा डोळा फोडला. तरी गडी हटला नाही. आत्मचरित्राचं नावच ठेवलं ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. आणि आपले सलीम अली? लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा दिसला, म्हणून तर ते पक्ष्यांकडे वळले. त्या काळी पक्षी ओळखायचा तर मारावा लागे. त्यापेक्षा आपण बरे ना?”

मुद्दा बिनतोड होता. बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा, यात वादच नाही. शिवाय असले फोटो पाहिले नसते, तर पिंगळा हे घुबडाचं पिल्लू नव्हे हे मला या वयातही कळलं नसतं. पण बंदुकीपेक्षा बरं असणं ही काही फार मोठी पायरी नव्हे. दरोडेखोरापेक्षा बरा म्हणून कुणी जावई करून घेत नाही.

आणि इजेचं म्हणाल, तर व्हिडिओवाल्याच्या दिव्याने माझाही डोळा गेलेला नाही. म्हणून काय मला तो हवासा वाटतो? इजा झाली नाही म्हणजे चाललं, असं आपण दुसऱ्याच्या बाबतीत फार पटकन ठरवतो. मी तर लग्नाला निदान निमंत्रणावरून गेलेला असतो. चिंचेखाली मीच बिनबोलावलेला पाहुणा होतो, आणि तोही ऐन जेवणाच्या वेळी दार अडवून बसलेला. हल्ली कित्येक स्पर्धांत घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. माणसाच्या वर्दळीने पक्षी घरटं सोडतो, टपलेल्या कावळ्याला आयता पत्ता मिळतो. हे मेहुण्यांनाही ठाऊक होतं. ते फक्त म्हणाले, “मग फ्लॅशशिवाय काढा. काळे येतील.”

तसे ते येतात. आता मी लांब, पार्किंगच्या खांबाआड बसतो. फ्लॅश घरी. पिंगळा येतो, मान खाली-वर करतो आणि मिनिटभरात ढोलीत शिरतो. पिल्लांचा ओरडा थांबतो. फोटोत दिसतं ते एक काळं बोचकं. सौभाग्यवती त्याला ‘तुमचा भाऊ’ म्हणतात.

गेल्या महिन्यात एका लग्नाला गेलो. जिलबी उचलली, दिवा पेटला. मी म्हटलं, “बाळा, आधी जेवू दे रे.” पोरगं चांगलं होतं. त्याने दिवा विझवला, पण काळजीने म्हणालं, “काका, मग अंधारात येईल हो फोटो.”

“येऊ दे,” मी म्हटलं, आणि जिलबी खाल्ली.