वाटेवर आधी कोणी थांबावे?

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी हा तालुका आहे. नदीपलीकडे तेलंगण सुरू होते. काळ्या जमिनीचा, पऱ्हाटीचा आणि तुरीचा हा मुलूख. येथे कोलाम आदिवासींच्या वस्त्या आहेत, त्यांना तिकडे पोड म्हणतात. गावातून शेताकडे आणि पोडावरून गावाकडे जाणारी जी वाट, तिला वऱ्हाडात पांदण म्हणतात. आमचा पश्चिम महाराष्ट्रातला वाचक तिला पाणंद म्हणेल. दोन्ही अंगांना काटेरी कुंपण, मधे चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या आणि त्या दोहोंमधल्या गवताच्या पट्टीवरून चालणारी माणसे. याच वाटेवरून बैलबंडी जाते, गुराख्याची गुरे जातात, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया जातात, शाळेची मुले जातात. गेल्या काही दशकांत तिच्यावर ट्रॅक्टर आणि मोटारसायकलही आल्या. वाट होती तेवढीच राहिली, किंबहुना अरुंद झाली, आणि तिच्यावरून जाणारे मात्र वाढले.

पांदणीच्या भांडणाइतके हटवादी भांडण खेड्यात क्वचितच दुसरे असेल. त्याची कारणे अगदी साधी असतात. दर वर्षी नांगराचे एक तास पांदणीकडे सरकते, आणि जेथून एके काळी दोन बंड्या शेजारून जात तेथून पुढच्या पिढीत एकही धड जात नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टर काळ्या मातीत खोल चर पाडतो. तो आपल्या जोरावर निघून जातो, मागून येणारी बंडी मात्र त्या चरांत आसापर्यंत रुतते. पायी चालणाऱ्याला मग चिखलातून किंवा कोणाच्या तरी उभ्या पिकातून जाणे एवढेच उरते. पिकातून गेला की शेतमालक ओरडतो. त्याचेही चुकीचे नसते.

कायद्याने या तंट्याची दखल पुष्कळ आधी घेतली आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये वहिवाटीच्या वाटेतला अडथळा तहसीलदार दूर करवू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४३ व्या कलमान्वये ज्याच्या शेताला वाटच नाही, त्याला इतरांच्या धुऱ्यावरून वाट मिळू शकते. गावनकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात. पहिल्याची रुंदी १६.५ ते २१ फूट, दुसऱ्याची ८.२५ फूट धरली जाते. वाट कोठून जाते आणि ती किती रुंद असावी, एवढे कायद्याकडून कळते. परंतु त्या वाटेवर बंडी आणि ट्रॅक्टर समोरासमोर आले, गुरांचा कळप आणि मोटारसायकल समोरासमोर आली, तर आधी कोणी थांबावे? हा प्रश्न नकाशाच्या बाहेरचा आहे. तो नीतीचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून या पानांत त्याचा विचार करावयाचा आहे.

हाच प्रश्न अधिक उघड्या रूपात पाहावयाचा तर माथेरानला जावे लागते. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे गेलेली असतील. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हा डोंगर साहेबलोकांच्या नजरेस आणला. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. २००३ मध्ये केंद्र सरकारने तो परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून पुढे लाल मातीच्या वाटेवर पायी चालणारे, चारशेहून अधिक घोडे आणि परवाना असलेल्या ९४ हातरिक्षा यांचे राज्य होते. एक माणूस पुढून ओढतो, चढावर दुसरा मागून ढकलतो आणि आत तिसरा बसलेला असतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांचा प्रयोग करून पाहण्यास परवानगी दिली व त्या वर्षीच्या डिसेंबरात तो सुरू झाला. चौथा वाटसरू आला आणि वाटेचे भांडण पेटले.

आम्हांला त्या भांडणातली सर्वांत बोधक गोष्ट वाटते ती फरसबंदीची. मातीची वाट घोड्याच्या टापांनी उकरली जाते, उन्हाळ्यात तिची धूळ उडते, पावसाळ्यात ती वाहून जाते; म्हणून ब्लॉक बसवावेत असे एका पक्षाचे म्हणणे. चाकालाही टणक जमीन हवी असते. घोडेवाल्यांचे म्हणणे असे की, नाल मारलेला पाय गुळगुळीत ब्लॉकवर घसरतो, घोडा पडतो आणि स्वारही पडतो. शिवाय आज ब्लॉक आले की उद्या गाड्या येतील. त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. वरवर पाहता हा बांधकाम खात्याचा विषय आहे. पण नीट पाहिले तर ध्यानात येते की वाटेचा पृष्ठभागच एकाची बाजू घेतो. माती घोड्याची, ब्लॉक चाकाचा. ज्याने वाट बांधली त्याने ती कोणाची हे आधीच ठरवून टाकलेले असते, आणि मग इतरांनी एकमेकांशी सौजन्याने वागावे असा फलक लावण्यात फारसा अर्थ उरत नाही. पांदणीवर खडी-मुरूम टाकण्याची मागणी रास्तच आहे. पण अणकुचीदार खडीवरून अनवाणी चालणाऱ्याचा आणि बैलाच्या खुरांचा विचार करून ती नीट दाबून, वर मुरूम पसरून झाली का, हे पाहणारा कोणी असावा लागतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकला मुभा, आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर मनाई. आणि हातरिक्षा सहा महिन्यांत बंद. माणसाने माणसाला ओढून न्यावे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, आणि ज्यांचे काम जाईल त्यांचे पुनर्वसन शासनाने करावे. या दुसऱ्या भागाचे आम्ही विशेष मोल मानतो. हातरिक्षात बसणे आपल्या सद्सद्विवेकाला पटत नाही असे म्हणून पायी निघून जाणारा पाहुणा आपले मन स्वच्छ ठेवतो, परंतु त्या ओढणाऱ्याची संध्याकाळची चूल त्याने पेटत नाही. बसणारा पैसे देतो आणि डोळे मिटून घेतो. दोघांनाही त्या माणसाचे काही देणे फिटले असे म्हणता येणार नाही. प्रथा बंद करण्याचा आणि पोट सांभाळण्याचा आदेश एकाच निकालात यावा, यातच न्याय आहे. घोडेवाल्याच्या पोटाचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. ई-रिक्षा जितकी सोयीची, तितका त्याचा घोडा रिकामा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी कोणी थांबावे याला माणसे सामान्यतः जी उत्तरे देतात ती अशी : जो आधीपासून वापरतो आहे त्याचा हक्क मोठा, किंवा ज्याची जमीन त्याचा, किंवा ज्याचे काम निकडीचे त्याचा. प्रत्येकात काही तथ्य आहे. पण आधीपासून वापरणारा म्हणाल तर पांदणीवर गुरे बहुधा सर्वांत आधीची, आणि त्यांच्या वतीने दावा लावणारा कोणी नाही. निकडीचे म्हणाल तर प्रत्येकाला आपलेच काम निकडीचे वाटते. मोटारसायकलवर बसल्याबरोबर ते दुप्पट निकडीचे होते.

अमेरिकेत डोंगरातल्या वाटांवर सायकली, पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांचे असेच भांडण कित्येक वर्षे चालू आहे. कॅलिफोर्नियातला माउंट तमालपाइस हा डोंगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात त्याच्या परिसरात डोंगरी सायकलीचा खेळ वाढला आणि त्याच वाटांवर तंटा उभा राहिला. तिकडच्या अनेक वाटांवर एक साधा त्रिकोणी फलक असतो. सायकलस्वाराने सर्वांना वाट द्यावी, पायी चालणाऱ्याने घोड्याला द्यावी. घोड्याला पहिला मान का? स्वार श्रीमंत म्हणून नव्हे. घोडा हा बुजणारा प्राणी आहे. मागून आवाज न करता आलेल्या चाकाने तो उधळला तर स्वार आणि वाटेवरचा माणूस दोघांचाही जीव जातो. माणसाशी करार करता येतो, भीतीशी करता येत नाही. ज्याला समजावता येत नाही त्याच्यासाठी, ज्याला समजते त्याने थांबावे. आणि ज्याच्या हाती ब्रेक आहे त्याने सर्वांत आधी. या क्रमात मोठेपणा, जुनेपणा, मालकी यांपैकी काहीच मोजलेले नाही. अपाय कोण करू शकतो आणि सहजपणे कोण थांबू शकतो, एवढेच मोजले आहे.

बलामाच्या गाढवीची कथा आपण गणना ह्या पुस्तकात वाचतो तेव्हा बोलणाऱ्या गाढवीचे आश्चर्य वाटून पुढे जातो. ती कथा अरुंद वाटेची आहे. द्राक्षमळ्यांच्या दोन भिंतींमधल्या वाटेत देवदूत उभा आहे. गाढवीला तो दिसतो, बलामाला दिसत नाही. ती अंग चोरून भिंतीला लागते, त्याचा पाय चेंगरतो आणि तो तिला झोडपतो. तीनदा. द्रष्टा म्हणवणाऱ्याला जे दिसले नाही ते मुक्या जनावराला दिसले, आणि मार त्यालाच पडला. बुजलेल्या बैलावर चाबूक उगारण्यापूर्वी बैलाला काय दिसले असावे याचा विचार करण्याइतका वेळ आपण देतो काय?

त्याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात अदोमाच्या राजाकडे मोशे निरोप पाठवतो. आम्ही राजमार्गानेच जाऊ, शेतात किंवा मळ्यात शिरणार नाही, पाणी प्यालो तर त्याचे मोल देऊ, असे त्याचे सांगणे. अदोम सैन्य घेऊन आडवा येतो. अदोमाची बाजूही आम्हांला समजते. एवढा मोठा जनसमुदाय, त्याची गुरेढोरे. शब्द दिला तरी पिकांचे काय होणार हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. पण वाट नाकारली म्हणून इस्राएलला वळसा घालावा लागला, आणि त्या वळशातच लोकांचा धीर खचला असे पुढचा अध्याय सांगतो. वाट अडवणाऱ्याला आपल्या जागेचा तुकडा दिसतो, दुसऱ्याचा वळसा त्याला दिसत नाही. झरी जामणीत तो वळसा पोडावरच्या बाईच्या डोक्यावरच्या भाऱ्यात मोजावा लागेल, किंवा बंडी शेतापर्यंत पोहोचत नाही म्हणून मिळेल त्या भावाने विकलेल्या कापसात.

येथे कोणी म्हणेल, वाटेसाठी जमीन माझी जाते, वापर दहा जणांचा; मीच का सोसावे? हा आक्षेप टाळता येणार नाही. दोन एकरवाल्याला पांदणीची पट्टी सोडणे जड जाते, आणि त्याला त्यागाचे प्रवचन ऐकवणे सोपे असते, विशेषतः ज्याचे स्वतःचे घर डांबरी रस्त्यावर आहे त्याला. तरीही ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. वस्तू सांभाळण्याचा अधिकार व्यक्तीचा, पण तिचा वापर करताना ती सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंताला त्यात वाटा द्यावा, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या ‘सोलिसितुदो रेई सोसियालिस’ या विश्वपत्रात खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते असा विचार मांडला. आमच्या शेतकरी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असे एक सदर असते. त्यात सोसायटीचा बोजा असतो, बँकेचा बोजा असतो. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद याच सदरात घ्यावी असे ठरवले. बँकेच्या बोजाशेजारी आता शेजाऱ्याची वाट लिहिली जाईल. पोप महोदयांची उपमा तलाठ्याच्या दप्तरात इतक्या शब्दशः उतरेल असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरच्या वर्तनासंबंधी एक मार्गदर्शिका काढली आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याची थट्टा केली. त्यांतल्या एकीत वाहन हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये असे सांगितले आहे, दुसरीत वाटेवरच्या अधिक दुबळ्याला जपण्यास सांगितले आहे. थट्टा करण्यासारखे त्यात काही आहे असे, रोज सकाळी मुलांना शाळेत पायी पाठवणाऱ्या कोणाही आईवडिलांना वाटणार नाही.

आता त्या ३ मीटरांविषयी. रुंदी ठरली, नोंद झाली, मोजणी होऊन खुणेचे दगडही रोवले गेले असे समजू. त्या वाटेवर कापसाने भरलेली बंडी आणि रिकामा ट्रॅक्टर समोरासमोर आले तर दोघे शेजारून जाऊ शकत नाहीत. एकाला मागे जावेच लागेल. भरलेली बंडी मागे रेटणे बैलांना जमत नाही. जू मानेवरून शिंगांकडे सरकते, बैल बिथरतात, बंडी आडवी होते. ट्रॅक्टरला मागे जाण्याचा गिअर असतो.